सी शिकायला बसताय? मग ‘चालला म्हणजे बरोबर’ हे आधी विसरा

सीचा पहिला प्रोग्राम दहा मिनिटांत चालतो आणि खरा घोळ तिथूनच सुरू होतो, कारण आपल्याला वाटतं चालला म्हणजे बरोबर असणार. बाकीच्या बऱ्याच भाषांमध्ये काही चुकलं की भाषाच ओरडते. सी ओरडत नाही. ती चुकीचा प्रोग्रामसुद्धा गुमान चालवते, कधी बरोबर उत्तर देते, कधी कचरा, आणि कधी तुमच्या मशीनवर बरोबर आणि सरांच्या मशीनवर कचरा, म्हणजे अगदी जिथे नको तिथे.

याला कारण आहे. १९७२ च्या आसपास बेल लॅब्समध्ये डेनिस रिची यांनी ही भाषा बनवली ती युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी, आणि १९७३ मध्ये युनिक्सचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, सीमध्ये नव्याने लिहिला गेला. मशीन छोटी, मेमरी तुटपुंजी, लिहिणारी माणसं तयारीची, त्यामुळे प्रोग्राम चालताना पावलोपावली तपासणी करायची चैन कोणी केली नाही. तपासायचं काम प्रोग्रामरचं असं ठरलं ते आजही तसंच आहे. आपण नवशिके आहोत हे सीला माहीतच नाही.

एक खुलासा: कोड मी इथे आपण बोलतो तसाच देवनागरीत लिहितेय, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरांत लिहायचा, आणि कीवर्ड सगळे स्मॉलमध्ये, कारण सीला कॅपिटल एमवालं मेन आणि स्मॉल एमवालं मेन ही दोन वेगळी नावं वाटतात.

पायरी १: कंपायलर नीट घ्या

सगळ्यात पहिला गोंधळ म्हणजे व्हीएस कोड टाकला आणि वाटलं सी इन्स्टॉल झालं. तो एडिटर आहे, कंपायलर नाही, एडिटर म्हणजे फक्त वही. कंपायलर, म्हणजे तुमच्या कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा, वेगळा घ्यावा लागतो, जीसीसी किंवा क्लँग. लिनक्सवर पॅकेज मॅनेजरमधून जीसीसी मिळतो, मॅकवर एक्सकोडचे कमांड लाइन टूल्स टाकले की क्लँग येतो, विंडोजवर मिनजीडब्ल्यू (जीसीसीचीच विंडोजवाली आवृत्ती) टाका किंवा डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स) चालू करून त्यात जीसीसी घ्या. मला विचाराल तर डब्ल्यूएसएल, का ते खाली येईलच.

आणि निळ्या स्क्रीनचं टर्बो सी? सोडा ते. तो जुना कंपायलर पहिल्यांदा आला १९८७ मध्ये, म्हणजे सीचं पहिलं स्टँडर्ड (भाषेचे अधिकृत नियम) आलं १९८९ मध्ये त्याच्याही आधी. त्यात इंट (पूर्ण आकडे ठेवायचा टाइप) दोनच बाइटचा, ३२७६७ च्या पुढे एक मिळवला की आकडा उलटा फिरतो. व्हॉइड मेन, कोनिओ डॉट एच, प्रोग्रामच्या शेवटी स्क्रीन थांबवायला गेटसीएच, या सगळ्या सवयी तिथल्या आहेत आणि बाहेर आलात की त्या एकेक करून मोडाव्या लागतात. परीक्षेला तेच लागत असेल तर परीक्षेपुरतं वापरा, पण शिकायला नको.

आता या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. कंपाइल करताना नुसतं जीसीसी आणि फाइलचं नाव असं कधीच लिहू नका. सोबत वॉर्निंगचे फ्लॅग, म्हणजे कंपायलरला जादा सूचना, द्या: वजाचं चिन्ह, कॅपिटल डब्ल्यू आणि त्याला चिकटून ‘ऑल’, मग परत वजा, कॅपिटल डब्ल्यू आणि ‘एक्स्ट्रा’. (नाव ऑल असलं तरी ते सगळ्या वॉर्निंग देत नाही, म्हणून तर एक्स्ट्रा लागतं, आता यावर काय बोलणार.) तिसरा फ्लॅग वजा आणि स्मॉल जी, त्याने डीबगिंगला, म्हणजे चूक शोधायला, लागणारी माहिती आत राहते. खाली मी ज्या चुका सांगणार आहे त्यातल्या अर्ध्याअधिक या फ्लॅगमुळे तिथल्या तिथे कळतात. सी स्वतःहून बोलत नाही, तिला बोलतं करावं लागतं, आणि ते एवढ्या तीन फ्लॅगचं काम आहे.

पायरी २: पहिला प्रोग्राम, आणि ‘स्टुडिओ डॉट एच’

पहिल्या ओळीत हॅश इन्क्लूड आणि अँगल ब्रॅकेटमध्ये हेडर फाइल. ती एसटीडी-आयओ आहे, म्हणजे स्टँडर्ड इनपुट आउटपुट, पण बोटं आपोआप ‘स्टुडिओ’ टाईप करतात आणि मग कंपायलर म्हणतो अशी फाइलच नाही. हसू नका, तुम्हीही करणार. मग इंट मेन, कंसात व्हॉइड, महिरपी कंस उघडा, प्रिंटएफने काहीतरी छापा, रिटर्न ०, कंस बंद.

प्रिंटएफच्या शेवटी बॅकस्लॅश एन द्यायची सवय लावून घ्या. ते नुसतं दिसायला बरं म्हणून नाही. टर्मिनलवर आउटपुट साधारणपणे ओळ पूर्ण होईपर्यंत बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, थांबून राहतं, आणि मधेच प्रोग्राम कोसळला तर ते छापलंच जात नाही, मग आपल्याला वाटतं प्रोग्राम त्या प्रिंटएफपर्यंत पोचलाच नाही आणि आपण भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतो.

दुसरी गंमत अशी की कोड बदलला, कंपाइल करताना एरर आली, ती नीट बघितली नाही आणि प्रोग्राम चालवला, तर जुनाच प्रोग्राम चालतो, कारण आधीची एक्झिक्युटेबल फाइल तिथेच पडलेली असते. मी एकदा पाऊण तास एकाच ओळीत फेरफार करत होते आणि आउटपुट काही हलेना, शेवटी लक्षात आलं की मी कालचा प्रोग्राम चालवतेय.

पायरी ३: एरर वाचायची पद्धत

चाळीस एरर आल्या की घाबरायचं नाही, फक्त पहिली वाचायची, ती दुरुस्त करायची आणि परत कंपाइल करायचं. बऱ्याचदा एक सेमीकोलन राहिलेला असतो आणि बाकीच्या एकोणचाळीस त्याच्याच पोटातून आलेल्या असतात. सांगितलेल्या ओळीवर काहीच चूक दिसत नसेल तर तिच्या वरची ओळ बघा.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असं आलं तर तुमचं व्याकरण बरोबर आहे, तक्रार लिंकरची (कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्याची) आहे, म्हणजे फंक्शनचं नाव त्याला सापडलं पण त्या फंक्शनचा कोड सापडला नाही. स्पेलिंग चुकलंय का बघा. लिनक्सवर वर्गमूळ काढायचं फंक्शन वापरलं असेल तर कमांडच्या शेवटी वजा, स्मॉल एल आणि एम देऊन मॅथ लायब्ररी जोडावी लागते.

पायरी ४: व्हेरिएबल, म्हणजे आकडे कसे फसवतात

इंट एकूण, असं लिहून सोडून दिलं तर त्यात शून्य नसतं. फंक्शनच्या आत बनवलेल्या व्हेरिएबलमध्ये त्या जागेवर आधी जे काही पडलेलं होतं तेच असतं, आणि ते कधीकधी योगायोगाने शून्य निघतं, हाच तर त्रास, कारण मग बेरीज बरोबर येते आणि चूक महिनाभर लपून राहते. बनवतानाच किंमत द्या, इंट एकूण = ०;

भागाकार बघा. दोन्ही बाजूला इंट असेल तर उत्तरही इंटच, ५ / २ म्हणजे २. सेल्सिअसचं फॅरनहाइट करायच्या प्रोग्राममध्ये सगळे इथेच पडतात, ९ / ५ आधी कंसात लिहिलं की त्याचं १ होतं आणि १०० डिग्रीचं उत्तर २१२ च्या ऐवजी १३२ येतं. एका बाजूला ९.० लिहा, झालं.

मग मर्यादा. आजच्या नेहमीच्या मशीनवर इंट ३२ बिटचा असतो, जास्तीत जास्त २१४७४८३६४७. फॅक्टोरियलचा प्रोग्राम सगळेच करतात, १२ पर्यंत तो बरोबर चालतो, ४७९००१६०० येतं. १३ चं खरं उत्तर ६२२७०२०८०० आहे, ते इंटमध्ये मावत नाही, आणि स्क्रीनवर बहुधा १९३२०५३५०४ दिसतं. एरर नाही, मायनसचं चिन्हसुद्धा नाही, अगदी सभ्य दिसणारा आकडा, आणि साफ चूक. लाँग लाँग घेतलं तर २० पर्यंत निभावतं. हे काही फक्त शिकणाऱ्यांचं दुखणं नाही, ज्या जुन्या सिस्टीम १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटच्या आकड्यात मोजतात त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला असंच उलटं फिरणार आहे.

बाकी थोडक्यात. आकड्याच्या आधी शोभेसाठी शून्य लावू नका, सीमध्ये ०१० म्हणजे दहा नाही, आठ, कारण पुढचं शून्य म्हणजे ऑक्टल, आठाच्या पायावरची मोजणी. दशांश आकडे == ने ताडून बघू नका, ०.१ + ०.२ हे डबलमध्ये (दशांश आकड्यांचा टाइप) नेमकं ०.३ होत नाही. आणि प्रिंटएफमध्ये डबल छापायला %डी दिलं तर वाट्टेल ते छापलं जाईल.

पायरी ५: स्कॅनएफ, नवशिक्यांचा शत्रू नंबर एक

स्कॅनएफला (कीबोर्डवरून वाचायचं फंक्शन) किंमत नको असते, जागेचा पत्ता हवा असतो, म्हणून व्हेरिएबलच्या आधी & लागतो. तो विसरला की स्कॅनएफ व्हेरिएबलमधली किंमतच पत्ता समजून भलत्याच ठिकाणी लिहायला जातो आणि ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ म्हणत प्रोग्राम कोसळतो. डबल वाचताना %एलएफ लागतं, %एफ दिलं तर कचरा येतो, प्रिंटएफमध्ये मात्र %एफ चालतं. हे असं का हे पाठ करण्यापेक्षा वॉर्निंग चालू ठेवा, ती आठवण करून देते.

आकडा वाचल्यावर लगेच %सी ने अक्षर वाचायला गेलात तर प्रोग्राम न थांबता पुढे निघून जातो. तुम्ही आकड्यानंतर एंटर दाबलात ना, ते एंटर रांगेत उभं असतं, तेच अक्षर म्हणून वाचलं जातं. %सी च्या आधी एक स्पेस द्या.

आणि मेन्यूवाला प्रोग्राम: १ दाबा, २ दाबा, ० दाबून बाहेर पडा. माझा असा प्रोग्राम छान चालत होता, कोणीतरी त्यात अक्षर दाबलं आणि मेन्यू स्क्रीनवरून धो धो वाहायला लागला. झालं असं की स्कॅनएफला आकडा हवा, समोर अक्षर, त्याने ते उचललंच नाही, पुढच्या फेरीत तेच अक्षर परत समोर, आणि हे अनंत. स्कॅनएफ किती गोष्टी वाचल्या ते रिटर्न करतं, ते तपासायचं असतं, आणि जवळपास कोणीच तपासत नाही. सरळ उपाय म्हणजे एफगेट्सने अख्खी ओळ वाचा आणि मग एसस्कॅनएफने त्यातून आकडा काढा. दोन ओळी जास्त होतात पण डोकं शांत राहतं.

पायरी ६: अटी आणि लूप

इफ (वय = १८) लिहिलंत तर तो प्रश्न नाही, ती नेमणूक आहे, वयात १८ जाऊन बसतात आणि १८ शून्य नाही म्हणून अट कायम खरी. विचारायचं असेल तर ==. ही चूक किती बेमालूम दिसते त्याचा नमुना २००३ चा आहे. तेव्हा लिनक्स कर्नलच्या कोडच्या एका प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या होत्या, त्यात युझर आयडी शून्य आहे का असं विचारल्यासारखं दिसत होतं, पण एकच = होतं, म्हणजे तो आयडी शून्य करून टाकला जात होता, आणि शून्य म्हणजे रूट, मशीनचा मालक. ती गोष्ट वेळेत पकडली गेली. चुकून घडते ती चूक कोणाला मुद्दाम करावीशी वाटते, यावरून काय ते समजा.

फॉर किंवा व्हाइलच्या कंसानंतर लगेच सेमीकोलन टाकू नका, मग लूप रिकामाच फिरतो आणि खालचा ब्लॉक एकदाच चालतो. किंवा व्हाइल असेल तर प्रोग्राम तिथेच अडकून बसतो.

महिरपी कंस एका ओळीसाठीसुद्धा द्या. सी फक्त कंस बघते, तुम्ही ओळ किती आत सरकवली याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षा कोडमध्ये ‘गोटू फेल’ ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा आली होती, वरच्या इफला कंस नव्हते, पहिली ओळ इफची आणि दुसरी मोकाट, ती दर वेळी चालायची आणि सर्व्हरची सही तपासायची पुढची पायरीच गळून जायची. एका कंसाच्या जोडीचं काम.

० < गुण < १० ही अट नेहमीच खरी ठरते, कारण आधी ० < गुण याचं ० किंवा १ होतं आणि ते १० पेक्षा लहानच असणार. दोन अटी && ने जोडा. स्विचमध्ये प्रत्येक केसला ब्रेक द्या नाहीतर खालच्या केसमध्ये घरंगळत जाल. अनसाइन्ड (मायनस आकडे न ठेवणारं) व्हेरिएबल घेऊन उलटा लूप ‘शून्यापेक्षा मोठा किंवा बरोबर असेपर्यंत’ असा लिहू नका, ते शून्याच्या खाली जातच नाही, शून्यातून एक वजा केला की थेट सगळ्यात मोठा आकडा होतो.

पायरी ७: ॲरे आणि स्ट्रिंग

ॲरे म्हणजे एकाच टाइपच्या किमतींची रांग. दहा घरांच्या ॲरेचे नंबर ० ते ९. लूपमध्ये < च्या जागी <= पडलं की तुम्ही अकराव्या घराचं दार उघडलं, जे तुमचं नाहीच. सी अडवत नाही. तिथे शेजारचं एखादं व्हेरिएबल राहत असेल तर त्याची किंमत बदलते आणि तुम्ही विचार करत बसता की मी तर याला हातच लावला नव्हता.

सीमध्ये स्ट्रिंग नावाचा वेगळा टाइप नाही. ती अक्षरांची ॲरेच, फक्त शेवटी बॅकस्लॅश शून्य असतो, संपलं म्हणून सांगायला. म्हणजे चार अक्षरांच्या शब्दाला पाच घरं. पाचवं ठेवलं नाही तर प्रिंटएफ पुढे वाचतच जातो, कुठेतरी शून्य बाइट मिळेपर्यंत. दोन स्ट्रिंग == ने ताडल्या तर मजकूर नाही, पत्ते ताडले जातात, म्हणून एसटीआर-सीएमपी वापरायचं, आणि ते सारखं असेल तर शून्य देतं, म्हणजे इफमध्ये उलटं वाटतं, सवय होईपर्यंत चुकतंच.

कोणी गेट्स हे फंक्शन शिकवत असेल तर कान बंद करा. समोरची जागा किती आहे हे त्याला सांगताच येत नाही, युझरने कितीही लिहिलं तरी ओततच राहतं. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेला मॉरिस वर्म (स्वतःहून पसरणारा प्रोग्राम) ज्या वाटांनी मशीनमध्ये शिरला त्यातली एक हीच होती, फिंगर नावाच्या सर्व्हिसमध्ये ५१२ बाइटचा बफर आणि त्यावर गेट्स. २०११ च्या स्टँडर्डमधून ते फंक्शन काढूनच टाकलं. एफगेट्स वापरा, त्याला आकार सांगता येतो, फक्त ओळीच्या शेवटचं एंटरही ते सोबत आणतं तेवढं काढून टाका.

पायरी ८: पॉइंटर, इथे घाई नको

पॉइंटर अवघड असतात असं ऐकून ऐकूनच निम्मी माणसं घाबरतात. कागद घ्या. एक चौकोन काढा, त्यात ७ लिहा, बाहेर पत्ता म्हणून १००० लिहा. दुसरा चौकोन काढा, त्यात १००० लिहा. हा दुसरा चौकोन म्हणजे पॉइंटर, बास. & म्हणजे ‘याचा पत्ता दे’, * म्हणजे ‘या पत्त्यावर जाऊन बघ’. गोंधळ होतो तो * चे दोन अर्थ असल्यामुळे, बनवताना तो ‘हा पॉइंटर आहे’ असं सांगतो आणि नंतर वापरताना ‘तिथे जा’ असं. आणि इंट* प, क; असं लिहिलं तर प एकटाच पॉइंटर होतो, क साधा इंट. एका ओळीत एकच बनवा.

पॉइंटर कशाला लागतात हे कळायला स्वॅपचं फंक्शन लिहून बघा. आधी दोन साधे इंट पाठवून अदलाबदल करा, फंक्शनच्या आत होईल, बाहेर आलात की जैसे थे, कारण सी किंमतीची झेरॉक्स पाठवते. मग पत्ते पाठवून करा. हा एक प्रयोग मनापासून केला की पॉइंटरचं निम्मं भय जातं.

आता खड्डे. पॉइंटर बनवला पण त्याला कुठला पत्ताच दिला नाही आणि त्यात लिहायला गेलात, तर कुठे लिहिलं जाईल काही सांगता येत नाही. फंक्शनच्या आत बनवलेल्या ॲरेचा पत्ता रिटर्न करू नका, फंक्शन संपलं की ती जागा दुसऱ्याची, आणि वाईट म्हणजे लगेच वाचलं तर कधीकधी जुनं अजून तिथेच दिसतं. आणि ॲरे फंक्शनला पाठवली की ती पॉइंटर होऊन पोचते, तिथे साइझऑफ केलं तर ॲरेचा नाही, पॉइंटरचा आकार येतो, ६४ बिट मशीनवर साधारण ८. म्हणून लांबी वेगळी पाठवायची.

पायरी ९: मॅलॉक आणि फ्री

प्रोग्राम चालताना मेमरी मागायचं फंक्शन म्हणजे मॅलॉक, ती परत करायचं फ्री. मॅलॉकने मागितलेली जागा झाडून पुसून मिळत नाही, आत कचरा असतो, स्वच्छ हवी तर कॅलॉक. जागा नसेल तर नल (म्हणजे कुठलाच पत्ता नाही) येतं, तपासा. स्ट्रिंगसाठी जागा घेताना लांबी अधिक एक. जितके मॅलॉक तितके फ्री, ना कमी ना जास्त, कमी केलेत तर मेमरी गळते, एकाच जागेला दोनदा फ्री केलंत तर प्रोग्राम कोसळू शकतो, आणि फ्री केल्यावर परत वापरलंत तर तो चालेलही, तेच जास्त वाईट. फ्री केलं की पॉइंटरला नल देऊन टाका.

आता डब्ल्यूएसएल का म्हटलं ते. लिनक्सवर, आणि म्हणून डब्ल्यूएसएलमध्येही, जीसीसीला ॲड्रेस सॅनिटायझर आणि अनडिफाइन्ड बिहेवियर सॅनिटायझरचे फ्लॅग देता येतात. ते दिले की प्रोग्राम थोडा हळू चालतो, पण अकराव्या घराचं दार उघडलंत, फ्री केलेली जागा वापरलीत, इंट उतू गेला, तर ओळीच्या नंबरासकट सांगतो. कोसळलेल्या प्रोग्रामसाठी जीडीबी हा डीबगर उघडा, रन म्हणा, पडला की बॅकट्रेस म्हणा, कुठल्या ओळीवर पडला ते दिसतं. एवढ्या दोन कमांड आल्या तरी सुरुवातीला पुष्कळ.

जाता जाता, आय++ + ++आय याचं उत्तर काय, असले प्रश्न परीक्षेत येतात आणि पर्यायही चार असतात. खरं उत्तर पर्यायात नसतं. एकाच व्हेरिएबलला एकाच एक्स्प्रेशनमध्ये असं दोनदा बदललं तर काय व्हावं हे स्टँडर्डने ठरवलेलंच नाही, कंपायलरने काहीही करावं, त्याला मुभा आहे. मार्कांसाठी सर म्हणतील ते लिहा, पण कोडमध्ये असलं काही लिहू नका.

सरावाला काय करायचं? स्ट्रिंगची लांबी मोजायचं फंक्शन स्वतः लिहा, मग स्ट्रिंग उलटी करायचं, मग लिंक्ड लिस्ट (प्रत्येक नोडमध्ये पुढच्या नोडचा पत्ता असलेली साखळी), तिच्यात मधला नोड काढायचा आणि शेवटी सगळी लिस्ट फ्री करायची. लिस्ट फ्री करताना आधी पुढच्या नोडचा पत्ता बाजूला लिहून ठेवा, मगच हातातला नोड सोडा. सगळे पहिल्यांदा हे उलटंच करतात, आणि बहुतेकांचं ते चालतंसुद्धा, म्हणून हा प्रोग्राम सॅनिटायझर लावूनच चालवा.